सात नंबरची फटफटी

तुळशीराम सोनुने परदेशात जाऊन आला, ही गोष्ट देऊळघाटातल्या काही लोकांना शेवटपर्यंत पटली नाही. अन् खरं सांगू का राजेहो, खुद्द तुळशीरामला तरी ती कुठं धड पटली होती! "गेलो होतो का नव्हतो गेलो, मलेच समजत नाई," असं म्हणायचा आणि डोक्यावरची टोपी पुढची मागं करायचा. डोक्यात घोटाळा झाला की टोपी फिरवायची, ही त्याची जुनी सवय. एकोणसत्तर सालच्या दिवाळीनंतर महिनाभरात ती टोपी इतक्या वेळा फिरली की तिची शिवण उसवली.

तुळशीराम जातीचा माळी. पैनगंगेकाठी तीन एकर बागायत, त्यात वांगी, कोबी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. वय पंचेचाळीस. बोलायला धीमा, हाताचा चपळ. बायको सुभद्रा त्याच्या वाट्याचंही बोलायची, त्यामुळं घरात बोलण्याची टंचाई कधी पडली नाही. आई अंबूबाई सत्तरीची, गुडघ्यांनी अधू, पण डोकं अन् जीभ दोन्ही शाबूत. आणि घरातलं चौथं माणूस म्हणजे ती फटफटी.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली ती गाडी. फिरत फिरत खामगावच्या एका मिस्त्र्याकडं भंगारात येऊन पडली होती. तुळशीरामनं बैलबंडीत घालून ती घरी आणली, दोन वर्षं खोलली, जोडली, पुन्हा खोलली, आणि एका सकाळी ती भडभडली तेव्हा हा गडी लहान लेकरासारखा रडला. तेव्हापासून रोज मागं दोन टोपल्या बांधून बुलढाण्याच्या बाजारात भाजी न्यायची. मागं बसायला सीट नव्हतंच, नुसतं लोखंडी कॅरिअर. पोळ्याला बैलांच्या शिंगांचा हिंगूळ उरला की तो गाडीच्या टाकीला लागायचा. सुभद्रा म्हणायची, "माह्याकडं इतकं पाह्यलं असतं तं मी सोन्याची झाली असती."

अंबूबाईचं एक दुखणं होतं. तिला एस.टी. लागायची. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला ती तीनदा निघाली, आणि तिन्ही वेळा बुलढाणा यायच्या आत ओकून अर्धमेली होऊन परतली. शेगाव वीस कोसांवर, सगळा मुलूख तिथं जातो, आणि या बाईनं ते पाहिलेलं नाही! ती म्हणायची, "तुह्या फटफटीवर वारा लागते. तिच्यावर मले काई होनार नाई." तुळशीराम म्हणायचा, "नेतो न माय." पण रोज टोपल्या, रोज बाजार. शिवाय म्हातारी बाई फटफटीवर बसलेली लोकांनी पाहिली तर हसतील, हेही त्याच्या मनात. तो कबूल करायचा नाही, पण होतंच. अशी सहा वर्षं "नेतो न माय" करत गेली.

आता भगवंतराव. हे बुलढाण्याचे देशमुख, लष्करातून हवालदार होऊन सुटलेले. लढाईत ब्रह्मदेशाच्या डोंगरांत फटफटीवरून डाक पोचवलेली, म्हणून त्यांचा रुबाब कलेक्टरपेक्षा चढा. गळ्यात कायम शिट्टी. मोटार शिकवायचा वर्ग चालवत. त्या वर्षी त्यांनी वर्गाबाहेर पाटी लावली, "हिमालय दर्शन, मोटारसायकल सहल, देश नेपाळ." पाच जण तयार झाले: एक डॉक्टर, एक वकील, कापसाचे दोन व्यापारी आणि शाळेतले वैजनाथ मास्तर. भगवंतराव धरून सहा. पण भगवंतरावांना सातवा हवा होता, सगळ्यांच्या मागं राहणारा. तुळशीराम त्यांच्या घरी भाजी टाकायचा. एक दिवस त्याला फाटकातच धरला.

"तुळशीराम, तू खड्ड्यातून येतं, पन तुह्या टोपलीतलं एक वांगं खाली पडत नाई. शेवटच्या नंबराले मले असाच गडी पायजे. स्टो, तांदूळ, तंबू तुह्या टोपल्यात. तुले खर्च काई नाई. बोल."

"पन तठी मी करू काय, सायेब?"

"माह्या मागं दोन ते सहा नंबर चालतील. सहाच्या मागं तू. पुढच्याची लाल बत्ती पाह्यची, दुसरं काई पाह्यचं नाई. शिट्टी वाजली तं थांबायचं, शिट्टी वाजली तं निघायचं. यात समजायसारखं काय हाये?"

समजण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणूनच तुळशीराम गोंधळला. घरी येऊन त्यानं आईला सांगितलं. त्याला वाटलं होतं म्हातारी नाही म्हणेल आणि आपण सुटू. तर तिनं एकच विचारलं, "रस्त्यात काशी लागते का?"

"लागते म्हनतात."

"मंग जा. पन माह्या नावानं जा. मी काई आता काशी पाहत नाई. माह्या नावानं गंगा आन, अन् माह्या नावानं एक वस्तू सोडून ये. आल्यावर मी मावंदं घालीन."

आमच्याकडं रीत अशी की काशीला गेलेल्या माणसानं जिवाला आवडणारी एखादी वस्तू तिथं सोडून यायची. मग ती जन्मभर शिवायची नाही. परत आलं की गंगेच्या लोटीची पूजा करून गावाला जेवू घालायचं, ते मावंदं. एखाद्याच्या नावानं दुसऱ्यानं केलं तरी पुण्य ज्याचं नाव त्याला. आता लोक लबाडी करतात. तुळशीरामच्या बापानं काशीत कारलं सोडलं होतं, आणि कारलं तो आधीही कधी तोंडात घालत नव्हता!

"तुह्या बापानं देवाले फसवलं," अंबूबाई म्हणाली. "तू तसं करशीन तं माही काशी वाया जाईन. जे खरंच आवडते ते सोड."

तुळशीरामनं विचार करून ठरवलं, वांग्याचं भरीत. घरच्या वांग्याचं, शेंगदाण्याचं तेल घातलेलं भरीत म्हणजे त्याचा जीव की प्राण. सोडायचं जिवावर आलं, पण आईसाठी सोडीन म्हणाला; कोणती वस्तू ते मात्र घरात सांगितलं नाही. वर हेही म्हणाला, "अन् आल्यावर पह्यल्या गुरुवारी तुले शेगावले नेतो. फटफटीवर. या खेपी खरंच."

"तू ये तं आधी," म्हातारी म्हणाली, पण त्याच दिवशी तिनं पेटीतलं नवं लुगडं काढून उन्हात टाकलं.

शेगाव स्टेशनात सातही गाड्या रेल्वेच्या डब्यात चढल्या. काशी आली तेव्हा भगवंतरावांनी शिट्टी वाजवून सांगितलं, तीन तास वेळ आहे, स्नान-दर्शन करून या. सगळे टांग्यातून गेले. आणि फलाटावर उतरवलेल्या सात गाड्यांची राखण कोणी करायची? सात नंबरनं. तुळशीराम गाड्यांभोवती फिरत राहिला. एका लोट्या विकणाऱ्याकडून त्यानं गंगेची बंद लोटी घेतली. सगळे कपाळाला गंध लावून परत आले. त्यानं वैजनाथ मास्तरांना विचारलं, "मास्तर, माही काशी झाली का नाई झाली?"

मास्तर भला माणूस, पण त्याचं मत दर घटकेला बदलायचं. म्हणाले, "स्टेशन काशीच्या हद्दीत आहे, म्हणजे झाली." थोड्या वेळानं म्हणाले, "स्नान नाही, म्हणजे झाली नाही असंही म्हणता येईल." तुळशीरामनं टोपी फिरवली. वस्तू सोडायची राहूनच गेली होती.

पुन्हा रेल्वे, मग गंगा ओलांडायला बोट, मग लहान रुळांची रेल्वे, असं करत सरहद्दीवरचं रक्सौल. तिथून गाड्या सुरू झाल्या आणि पाच मिनिटांत भगवंतरावांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं.

"हा परदेश," ते म्हणाले.

तुळशीरामनं इकडंतिकडं पाहिलं. तीच धूळ, तेच बैल, तसलीच चहाची टपरी. पाट्यांवरची अक्षरं बाळबोध, वाचता येत होती, पण वाचून अर्थ लागेना. शाळेत चौथीपर्यंत शिकलेलं सगळं वाया गेलं की काय, असं वाटून त्याला घाम फुटला. भगवंतराव म्हणाले, "घड्याळं दहा मिनिटं पुढं करा."

"काऊन?"

"इथली वेळ दहा मिनिटं पुढं हाये."

एवढ्या लांब येऊन परदेश काय तर दहा मिनिटांचा! तेवढ्यात एका दुकानावर त्यानं साल वाचलं, दोन हजार सव्वीस. आता मात्र त्याची बोबडी वळली. घड्याळ दहा मिनिटं पुढं, साल सत्तावन्न वर्षं पुढं. म्हणजे घरी माय हयात तरी असेल का? मास्तरांनी समजावलं की इकडं विक्रम संवत चालतो, त्याचा हिशोब वेगळा. तुळशीरामनं मान हलवली. पण त्या रात्री झोपताना त्यानं मनाशी पक्कं केलं की जे काही साल असेल ते असो, लवकर घरी गेलेलं बरं.

मग डोंगर लागले. रस्ता वळणावळणानं वर, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. भगवंतराव पुढं, मागं पाच, आणि सगळ्यांच्या मागं वांग्याच्या टोपल्यांत स्टो अन् तांदूळ घेऊन तुळशीराम. दोन दिवस त्यानं पाहिलं काय? वैजनाथ मास्तरांच्या गाडीची लाल बत्ती. पुढचे लोक ओरडायचे, "बापरे! काय देखावा आहे!" तुळशीराम विचारायचा, "कुठं?" तोवर वळण येऊन जायचं. दामन नावाच्या उंच जागी सगळे बर्फाचे डोंगर पाहायला थांबले, तेव्हा हा खाली बसून डॉक्टरांच्या गाडीची साखळी चढवत होता. वर पाहिलं तर ढग आले होते आणि शिट्टी वाजली होती.

पण गाडीनं त्याला मान खाली घालायला लावली नाही. व्यापाऱ्यांच्या नव्या कोऱ्या गाड्या चढावर धापा टाकत होत्या, आणि ही लिलावातली म्हातारी भडभडत चढली. वरच्या खिंडीत भगवंतरावांनी तिच्या टाकीवर हात ठेवला. "लढाईत माह्यापाशी हिचीच बहीन होती," एवढंच म्हणाले. तुळशीरामची छाती दोन बोटं फुगली.

काठमांडूला पोचल्यावर एका जुन्या गाड्यांच्या दुकानात त्याला लाल रेक्झिनचं सीट दिसलं. कुण्या परदेशी माणसाच्या गाडीवरून उतरवलेलं, गुबगुबीत, मागं धरायला कडी. त्यानं घासाघीस करून ते घेतलं. टोपल्या पुढं टांगायची सोय केली आणि कॅरिअरवर सीट बसवलं. दहादा दाबून पाहिलं. मायचे गुडघे, म्हणून पाय ठेवायला दोन लोखंडी पट्ट्याही ठोकून घेतल्या. डॉक्टर हसले, "कोणाला बसवता यावर?" तुळशीराम म्हणाला, "मायले शेगावले न्यायचं हाये." पहिल्यांदाच त्याला ते सगळ्यांसमोर सांगताना लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी पशुपतिनाथ. भगवंतरावांनी अर्धा तास दिला. तुळशीरामनं ठरवलं, काशीत राहिलं ते इथं उरकू. महादेव तिथलाही तोच, इथलाही तोच. नदीच्या घाटावर एक भटजी बसले होते. त्यांना त्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. त्यांनी त्याच्या ओंजळीत पाणी घातलं, तांदूळ घातले. गोत्र विचारलं. गोत्र त्याला ठाऊक नव्हतं, ते भटजींनीच ठोकून दिलं. कोणाच्या नावानं? "अंबूबाई सोनुने, देऊळघाट." सगळ्यात लाडकी वस्तू कोणती सोडतोस? डोळे मिटून सांग, अन् पाणी सोड.

तुळशीरामनं डोळे मिटले. भरीत, भरीत, असं मनात घोकत होता. तेवढ्यात वर रस्त्यावरून भगवंतरावांची शिट्टी वाजली. आठ दिवसांत त्या शिट्टीची त्याला अशी सवय झाली होती की ती वाजली की हात मुठीकडं अन् पाय किकेकडं जायचा. शिट्टी वाजली, त्याला मिटल्या डोळ्यांपुढं वर एकटी उभी असलेली आपली गाडी दिसली, तिचं लाल सीट दिसलं, आणि तोंडातून निघालं, "फटफटी!"

निघालं ते निघालं, वर पाणीही सुटलं.

"नाई, नाई," तो ओरडला, "भरीत! भरीत म्हनायचं होतं!" पण पाणी नदीत गेलं होतं. भटजी म्हणाले, सोडलेलं पाणी परत ओंजळीत येत नाही, आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. तुळशीराम ओल्या हातांनी तिथंच उभा राहिला. वर शिट्टीवर शिट्टी वाजत होती.

तो वर आला, गाडीपाशी गेला, पण तिला हात लावेना. भगवंतराव तापले. "सात नंबर! किक मार!"

"मारता येत नाई सायेब. म्या गाडी सोडली."

काय झालं ते कळल्यावर आधी सगळे पोट धरून हसले. मग तुळशीरामच्या डोळ्यांत पाणी दिसलं, तेव्हा गप्प झाले. घरापासून शेकडो कोस दूर, हिमालयाच्या कुशीत, आणि ज्या गाडीवर बसून आला तीच देवाला दिलेली! मोडावी तर मायची काशी बुडते. पाळावी तर घरी जायचं कसं, अन् गेल्यावर भाजी न्यायची कशावर? आणि ते लाल सीट?

वैजनाथ मास्तर म्हणाले, "सोडलेली वस्तू घरी गेल्यावर सोडायची असते, वाटेत चालते." तुळशीरामला धीर आला. चहा पिऊन झाल्यावर मास्तर म्हणाले, "पण पाणी इथं सोडलं, म्हणजे इथूनच लागू." धीर गेला. सायंकाळी म्हणाले, "उतारावर गाडी बंद ठेवून नुसतं बसलं तर ते चालवणं नव्हे." तुळशीराम म्हणाला, "मास्तर, पाया पडतो तुमच्या, आता काई सांगू नका."

शेवटी सीमेकडं रिकामा जाणारा एक ट्रक ठरला. भगवंतराव चढ्या आवाजात म्हणाले की फलटणीतला एक गडी ट्रकमधून नेणं ही बेशिस्त आहे, ब्रह्मदेशात असं कोणी केलं असतं तर त्याची खैर नव्हती. पण ट्रकमध्ये फटफटी चढवली तेव्हा दोर त्यांनीच बांधला, स्वतःच्या हातानं, लष्करातल्या गाठी मारून. "हालनार नाई," ते खाली उतरत म्हणाले. "तू पन जास्त हालू नको."

तुळशीराम ट्रकच्या मागच्या फळीला टेकून, तोंड मागं करून बसला. ट्रक चढू लागला. आणि आता पुढं पाहायला लाल बत्ती नव्हती. त्यानं मान वर केली.

आई गं! काय होतं ते! डोंगरांच्या मागं डोंगर, त्यांच्या मागं आणखी, आणि सगळ्यांच्या वर पांढरे शुभ्र सुळके, सकाळच्या उन्हात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उतारावर पायऱ्या पायऱ्यांची शेतं. एक माळी म्हणून त्याला आधी ती शेतंच दिसली. एवढ्याशा पट्टीत कोणीतरी मुळे लावले होते. त्यानं दोन दिवस याच रस्त्यावरून गाडी चालवली होती आणि यातलं काही त्याला दिसलं नव्हतं. तो हसायला लागला, मग रडायला लागला. आनंद होत होता का दुःख, त्याचं त्याला कळेना. शेजारी बांधलेल्या फटफटीला तो म्हणाला, "पाह्य बे, पाह्य. आपन हे चढलो."

सीमेवर जकातीच्या कारकुनानं कागद काढला. "गाडी बिघडली?"

"नाई. एकदम फस्क्लास हाये."

"मग चालवत का नाही?"

"देवाले दिली."

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. "तर मग मालक म्हणून कागदावर पशुपतिनाथ लिहू?" तो चेष्टा करत होता की खरंच विचारत होता, हे तुळशीरामला कळलं नाही. त्यानं टोपी फिरवली. कारकुनानं हात जोडले आणि शिक्का मारला.

शेगावहून मालट्रकनं बुलढाणा, आणि बुलढाण्याहून देऊळघाट हातानं गाडी ढकलत. गावाच्या वेशीवर मारुतीपाशी लोक जमले होते. डफडी, हळदकुंकू, सगळं तयार. तुळशीराम घामाघूम होऊन गाडी ढकलत येताना दिसला. लोक म्हणाले, "बिघडली वाटते." तो म्हणाला, "हाव." खोटं बोलला बिचारा. दुसरं काय बोलणार!

मावंदं झालं. वरण-भात, पोळ्या, भोपळ्याची भाजी. आणि सुभद्रानं कौतुकानं नवऱ्याच्या पुढ्यात भरीत वाढलं. तुळशीराम त्याकडं पाहतच राहिला. बायका विचारत होत्या, काय सोडून आले, काय सोडून आले. अंबूबाईच म्हणाली, "जेवू द्या त्याले. मंग सांगन." तिचं लक्ष अंगणात होतं. लाल सीट तिनं आल्या आल्या पाहिलं होतं. काठी टेकत जाऊन बोटांनी दाबूनही पाहिलं होतं. शेजारणींना तिनं सांगूनही टाकलं होतं, "येत्या गुरुवारी आमी शेगावले जाऊन राह्यलो. माह्यासाठी बसायचं आनलं त्यानं, थेट हिमालयातून."

तीन दिवस तुळशीराम टोपल्या बंडीत घालून बाजारात गेला. गाडीच्या एका पुर्ज्यासाठी खामगावला निरोप पाठवला, असं सांगत राहिला. गुरुवार उजाडला. अंबूबाई नवं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर गच्च बांधून ओट्यावर येऊन बसली. वाऱ्यानं उडू नये म्हणून पदराला दोन गाठी मारल्या होत्या. त्या गाठी तुळशीरामनं पाहिल्या. तो तिच्यापुढं खाली बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. फलाट, घाट, शिट्टी, पाणी, सगळं.

आत सुभद्राच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

मग अंबूबाईनं विचारलं, "पानी कोनाच्या नावानं सोडलं?"

"तुह्या."

"माहं नाव घेतलं?"

"हाव. अंबूबाई सोनुने, देऊळघाट."

"मंग गाडी मी सोडली. तुहा काय संबंध? मी बसनार नाई तिच्यावर. तू चालव."

तुळशीराम म्हणाला, "माय, असं कसं? वस्तू लाडकी पायजे. गाडी माही लाडकी हाये. तू तं तिच्यावर कधी बसलीच नाई."

"बसली नाई म्हनूनच तं," अंबूबाई म्हणाली, आणि पदराच्या गाठी सोडू लागली. बोटं वाकडी झालेली, गाठी सुटेनात. तुळशीरामनं हात पुढं केला तर तिनं तो बाजूला सारला. "सुटतीन. सोड तू."

हे बरोबर की चूक, शास्त्राला मान्य की अमान्य, तुळशीरामनं कोणाला विचारलं नाही. वैजनाथ मास्तरांना तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं गाडीला किक मारली. आवाज ऐकून सुभद्रा दारात आली आणि चक्क काही न बोलता उभी राहिली. टोपल्या बांधायच्या म्हणून त्यानं लाल सीट उतरवलं. ते कुठं ठेवावं ते त्याला कळेना. घेऊन उभा राहिला नुसता.

"बंडीत ठेव," ओट्यावरून अंबूबाई म्हणाली. "बंडीत बसायले मनाई नाई मले. शेगावले नेतो म्हनला होतास न?"

पुढच्या गुरुवारच्या आधी दोन दिवस त्यांची बंडी निघाली. बंडीच्या बांबूच्या तट्ट्याला टेकवून लाल सीट, त्यावर अंबूबाई, नवं लुगडं, पदराला गाठी. पुढं तुळशीराम कासरा धरून. बुलढाणा मागं पडलं, बोथ्याच्या घाटात समोरून गार वारा आला. तुळशीरामनं मागं वळून विचारलं, "माय, मळमळते का?"

"काई होऊन नाई राह्यलं." ती दोन्ही हातांनी सीटची कडी धरून इकडंतिकडं झाडी पाहत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "तुळश्या, हे बैल आपल्याकडं कधीपासून हायेत रे?"

"सात-आठ वर्सं झाली. काऊन?"

"काई नाई. बंडीही तवापासूनच हाये, नाई का?"

तुळशीरामनं टोपी फिरवायला हात वर केला, पण टोपी तशीच राहू दिली आणि बैलांना हाक दिली.